वाईच्या आसपास: वस्तू एकीकडे, जागा दुसरीकडे

१९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली. त्यानंतर वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून त्या यादीत आलेला किल्ला एकच, प्रतापगड. त्याआधी २०१२ मध्ये पश्चिम घाटाला हा दर्जा मिळाला, तेव्हा कासचं पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान त्यात होतंच. वाईत मुक्काम केला तर यांतलं बहुतेक सगळं दिवसभरात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहे. चांदोली आणि सांगलीकडची ठिकाणं तेवढी लांब पडतात.

मान भरपूर मिळाले. पण बघायला जाणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. या भागात बरीच वर्षं हिंडून माझं एक मत पक्कं झालं आहे. इथं नवं काही उभारण्यापेक्षा, जे आहे त्याची एकमेकांशी तुटलेली गाठ पुन्हा मारण्याची गरज मोठी आहे. कागद पुण्यात, शस्त्रं साताऱ्यात, चित्रं औंधला, किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, त्याच्या पायथ्याचं रान वनखात्याकडे आणि गावकऱ्यांच्या आठवणी कुणाच्याच दप्तरात नाहीत, अशी सध्याची वाटणी आहे. बघणारा यांतला एकेक तुकडा बघून घरी जातो.

सुरुवात मेणवलीपासून करू, कारण तिथं हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. १७६८ मध्ये हे गाव पंतप्रतिनिधींकडून नानांना मिळालं आणि त्यांनी इथं चौसोपी वाडा, घाट आणि मंदिरं उभी केली. वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं फिकट झाली असली तरी पेशवाईतला रंग कसा होता हे जागच्या जागी दाखवणारी अशी ठिकाणं आता मोजकीच उरली आहेत. घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी एक घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा आहे.

या घंटेपुढं मी दरवेळी थांबतो. वसईची मोहीम पाठ्यपुस्तकात वाचलेली असते, पण त्या मोहिमेचा ऐवज हाताला लागतो तो इथं. काच नाही, दोरखंड नाही. ख्रिस्ती चर्चसाठी ओतलेली घंटा शिवाच्या देवळापाशी वाजू लागली आणि तिच्यावरची मेरी कुणी घासून काढली नाही, यातून त्या काळाबद्दल बरंच कळतं. तरीही घाटावर येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘स्वदेस’ चित्रपटातला प्रसंग कुठल्या पायरीवर घेतला ते हवं असतं. घंटेची हकीकत गाडीचा चालक सांगतो किंवा घाटावर खेळणारं एखादं पोर, आणि दोघांची हकीकत जुळत नाही. दोष त्या पोराचा नाही. त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

मेणवलीच्या वाड्यातच नानांचं दप्तर होतं. उत्तर पेशवाईचा कारभार ज्या कागदांवर चालला त्यांतला मोठा भाग. साताऱ्याचे इतिहास-संग्राहक द. ब. पारसनीस यांच्या परिश्रमांमुळे मेणवली दप्तर अभ्यासकांपुढं आलं. पारसनिसांनी आयुष्यभर गोळा केलेल्या कागद, चित्रं आणि नकाशांसाठी १९२५ मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उघडलं. पुढच्याच वर्षी ते वारले. १९३९ मध्ये तो सगळा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला आणि आजही तिथंच आहे.

अभ्यासकाच्या बाजूनं पाहिलं तर हा निर्णय चूक म्हणता येत नाही. कागद जतन झाले, त्यांच्यावर काम झालं. पण कृष्णेच्या खोऱ्याचं त्यात मोठं नुकसान झालं. सातारा ही छत्रपतींची गादी, १२ जानेवारी १७०८ ला शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला ते शहर. तिथं १९३९ नंतर तीस वर्षं सरकारी संग्रहालय असं नव्हतंच. आज जे आहे त्याची पायाभरणी १९६६ ची आणि ते लोकांसाठी खुलं झालं १९७० मध्ये. एका पिढीनं अजिंक्यतारा किल्ला पाहिला तो कुठल्याही कागदाच्या, शस्त्राच्या किंवा नाण्याच्या सोबतीशिवाय. मूळ कागद पुण्यातच राहावेत, त्याला माझा विरोध नाही. निवडक पत्रांच्या चांगल्या छापील प्रती, सोप्या मराठीत समजावून, मेणवलीच्या वाड्यात लागायला मात्र काय अडचण आहे? ज्या चौकात बसून ती पत्रं सांभाळली गेली त्याच चौकात ती वाचता आली, तर शाळेची सहल तिथं पाच मिनिटांत उरकणार नाही.

वाघनखांकडे या नजरेनं पाहिलं तर त्यांची खरी गोष्ट वेगळीच लागते. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं हीच का, हे सिद्ध करता येत नाही, असं लंडनच्या संग्रहालयानंच म्हटलं आहे. भावनेला हे टोचतं, पण लोकांना ते स्पष्ट सांगायला हवं. आणि तेवढ्यानं वस्तूचं मोल संपत नाही. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयात गेली. १८१८ ते १८२२ या काळात हा डफ साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट होता. इथंच बसून त्यानं कागद जमवले, माणसं बोलती केली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. राज्य बुडाल्यावर त्या राज्याच्या वस्तू, कागद आणि इतिहास सांगण्याचा अधिकार असं सगळंच कसं जेत्याच्या हाती गेलं, ते सांगायला साताऱ्यासारखं दुसरं ठिकाण नाही. वाघनखं पाहायला रांगा लागल्या, घराघरांतून म्हातारी माणसं आली, मुलं आली. एवढी गर्दी संग्रहालयाच्या दारात पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. ती आली होती तेव्हा हा सगळा भाग तिला सांगता आला असता.

औंधबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या शिकलेल्या माणसांनाही ते ठाऊक नसतं. साताऱ्याहून चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर, यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी या संस्थानिकानं ते १९३८ मध्ये उभारलं. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. त्यांच्या संग्रहात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, पहाडी आणि मुघल शैलीतली लघुचित्रं आहेत, युरोपातल्या थोर चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. हेन्री मूर या विसाव्या शतकातल्या थोर इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे मूळ दगडी शिल्पही तिथं आहे. खटावच्या दुष्काळी माळावर मूरचं शिल्प असेल, असं कुणाला सांगून खरं वाटत नाही.

हे सगळं तिथं का आलं? लहानशा संस्थानातल्या शेतकऱ्याच्या मुलालाही जगातली उत्तम चित्रं बघायला मिळावीत, ही बाळासाहेबांची धारणा. त्याच सुमारास, १९३९ मध्ये, त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवणारी घटना दिली. मुलगा अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही त्याच वर्षीची. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. म्हणजे संग्रहालय, ग्रामराज्य आणि कुंपण नसलेला तुरुंग या एकाच माणसाच्या एकाच विचाराच्या तीन फांद्या. औंधला गेलेल्या माणसाला चित्रं दिसतात. या फांद्यांचं एकमेकींशी नातं दिसत नाही. माझ्या मते दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर ते औंध असावं. फक्त सोमवार टाळावा, सरकारी संग्रहालयांची ती सुट्टी असते.

सांगलीच्या राजवाड्याच्या परिसरातलं संस्थानकालीन संग्रहालय यापुढं छोटं आहे, पण पटवर्धनांच्या सांगलीत गेलंच असाल तर गणपतीच्या देवळासोबत तेही पाहावं.

आता किल्ले. वाईच्या भोवती पांडवगड, वैराटगड, केंजळगड आणि कमळगड असे चार डोंगरी किल्ले आहेत. प्रतापगडाला जाणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादी तरी यांच्याकडे वळत असेल का, याची मला शंका आहे. पांडवगड आणि वैराटगड यांचं बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याशी जोडलं जातं. वाई म्हणजे विराटनगरी, या लोकसमजुतीचा माग दोन्ही नावांत दिसतो. केंजळगडाच्या माथ्याशी जाणाऱ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या बघून छातीत धडकी भरते. कमळगडाला तट-बुरूज जवळजवळ नाहीतच. पण डोंगराच्या पोटात उभ्या चिरेतून उतरत जाणारी गेरूची विहीर आहे. लालभडक ओल्या भिंती, वरून येणारा अरुंद उजेड आणि भर उन्हाळ्यातही अंगावर येणारा गारवा. हा किल्ला कुणी बांधला यापेक्षा ती विहीर कशासाठी खोदली हाच प्रश्न खाली येईपर्यंत डोक्यात राहतो.

वाईजवळच्या लोहाऱ्याची लेणी तर त्याहून दुर्लक्षित. बौद्ध भिक्खूंनी खोदलेल्या या लेण्यांतल्या स्तूपाचा वरचा भाग गेला आणि उरलेला भाग शिवलिंग म्हणून पुजला जाऊ लागला; आज तो पाळपेश्वर आहे. कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांसह हा सगळा पट्टा पाहिला की लक्षात येतं, किल्ल्यांच्या कितीतरी आधीपासून घाटमाथा आणि कोकण यांच्यामधली ये-जा याच खोऱ्यातून चालत होती. वाटेवरची वस्ती, वाटेवरचा धर्म, वाटेवरची चौकी असा तो क्रम आहे.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर आणि पाटणजवळचा दातेगड यांचीही नावं घ्यायला हवीत. लिंबची विहीर विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधवून घेतली, हे तिथल्या शिलालेखातच आहे. जमिनीखाली महाल आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढी थारोळी. शाहूकालीन साताऱ्यातल्या शेतीची ताकद समजून घ्यायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. दातेगडावर तलवारीच्या आकाराची विहीर अखंड कातळात खोदलेली आहे. दोन्ही विहिरी बघितल्यावर पाण्याशिवाय ना गड टिकतो ना गादी, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

या आडवाटेच्या किल्ल्यांवर आज जे काही काम होतं ते बहुतांशी हौशी तरुणांच्या श्रमदानातून. रविवारी घमेली-फावडी घेऊन मुलं वर जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, वाटा मोकळ्या करतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक काळजी बोलून दाखवलीच पाहिजे. टाक्यातला गाळ म्हणजे नुसता चिखल नसतो. त्यात खापरं असतात, नाणी असतात, तोफेचे गोळे असतात, आणि कुठल्या थरात काय सापडलं त्यावरून गड कधी नांदता होता ते कळतं. गाळ उपसणं हे एका अर्थी उत्खननच आहे. पुरातत्त्व खात्यानं या मुलांना अडवण्याऐवजी नोंद कशी ठेवायची, फोटो कसे काढायचे, कुठं थांबायचं हे शिकवलं, तर खात्याला कधीच न मिळालेलं मनुष्यबळ आपोआप मिळेल. ढासळलेल्या बुरुजावर सिमेंट थापण्याचे प्रकारही त्यातून थांबतील.

प्रतापगडाची गोष्ट निराळी. तिथं गर्दीची कमतरता नाही. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा किल्ला, अफजलखानाच्या भेटीचा १० नोव्हेंबर १६५९ चा दिवस आणि ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा यांची माहिती प्रत्येकाला असते. बारा वारसा किल्ल्यांपैकी राज्य पुरातत्त्व विभागाकडे असलेल्या चारांत तो आहे. बाकीचे आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. महाबळेश्वरच्या सहलीत दुपारचा एखादा तास काढून लोक तो करतात, बुरुजावर फोटो काढतात आणि उतरतात. पण प्रतापगड समजायचा तर सुरुवात वाईतूनच करायला हवी. अफजलखान विजापूरच्या वतीनं वाईचा सुभेदार राहिलेला, हा मुलूख त्याच्या पायाखालचा. १६५९ मध्ये त्यानं तळ दिला तो वाईत. कृष्णाजी भास्कर आणि पंताजी गोपीनाथ या वकिलांच्या खेपा झाल्या त्या वाई आणि प्रतापगड यांच्यामध्ये. सपाट, पाण्याच्या आणि बाजाराच्या वाईतून निघून रडतोंडी घाट उतरत पारच्या रानात शिरण्यासाठी एवढ्या अनुभवी सरदाराचं मन वळवणं, यातच महाराजांनी अर्धी लढाई जिंकली होती. वाईच्या घाटावर उभं राहून मग त्याच दिशेनं जावळीत उतरलं की भूगोलच सगळं सांगतो. जागतिक वारशाच्या यादीतही या किल्ल्यांची दखल घेतली गेली ती लष्करी भूदृश्य म्हणून, म्हणजे डोंगर, रान आणि वाटांसकट. त्या वाटा दाखवणारा साधा नकाशा वाईच्या एसटी स्थानकावर लागला तरी मोठं काम होईल.

या जागांची माहिती कुणी लिहायची? याचं उत्तर वाईतच आहे. १९१६ पासूनची प्राज्ञ पाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची कर्मभूमी, आणि जिथून मराठी विश्वकोशाचे वीस खंड निघाले ते कार्यालय याच गावात. जगातल्या हरएक विषयावर नेमक्या मराठीत नोंद लिहायची शिस्त या गावानं घालून दिली. मेणवलीची घंटा, लोहाऱ्याचं लेणं, कमळगडाची विहीर यांच्यावर दीडशे शब्दांची, तपासलेली, तारखांसकट पाटी लिहिणं हे विश्वकोशाच्या परंपरेला साजेसं काम आहे. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा घराघरांत पुस्तकं ठेवायला लोक पुढं आले, इथंही येतील.

रानाकडे वळलो की वेगळाच पेच समोर येतो. किल्ल्याला माणूस हवा असतो, रानाला नको असतो. कासचं पठार म्हणजे जांभ्या खडकावरचा मातीचा पातळ थर. आठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती तिथं नोंदल्या आहेत. वायतुरा जगात फार थोड्या ठिकाणी उगवतो आणि साताऱ्याचं नाव त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद आळीपाळीनं पठार रंगवतात. २०१२ नंतर गर्दी इतकी वाढली की प्रवेशावर मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आणावं लागलं. आजूबाजूच्या गावांच्या समित्या वनखात्यासोबत ही व्यवस्था बघतात आणि हे मला कासचं सर्वांत मोठं यश वाटतं. पठारावर मध्यंतरी कुंपण घातलं गेलं, त्यानं गुरांची आणि प्राण्यांची ये-जा अडून फुलांवरच परिणाम होतो असे आक्षेप आले, आणि ते काढण्यात आलं. रान राखायचं म्हणजे फक्त माणसाला बाहेर ठेवायचं नसतं, चरणाऱ्या गुरांचाही त्या फुलांशी संबंध असतो, हे शिकायला काही वर्षं लागली.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर याच्या अगदी उलट टोकाचं. कमी पावसाच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडं लावली, वाढवली आणि १९८५ मध्ये त्या लावलेल्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटर. तिथं सांबर आहेत, चितळ आहेत. वाघ बघायचा हट्ट धरणाऱ्यांना तिथं काही मिळणार नाही. पण माणसाच्या हातून रान तुटतं तसं उभंही राहतं, याचा पुरावा बघायला शेतकऱ्यांनी, विशेषतः माण-खटावच्या शेतकऱ्यांनी, तिथं जायला हवं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे शेजारीच आहे.

कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो साधारण ११६५ चौरस किलोमीटर पसरला आहे. त्यातला सर्वांच्या ओळखीचा किल्ला वासोटा. बामणोलीहून होडीनं शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची, प्लास्टिकची तपासणी करून घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परतायचं. मुक्कामाला परवानगी नाही, पावसाळ्यात वाट बंद. हे नियम मला पूर्णपणे मान्य आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावरून तोफा डागून हा गड घेतला आणि तिथं ठेवलेलं छत्रपतींचं कुटुंब त्यांच्या हाती आलं, हा इतिहास माथ्यावर उभं राहिलं की डोळ्यांपुढं येतो.

पण ज्या जलाशयातून होडी जाते त्याच्याखाली कोयना धरणात बुडालेली गावं आहेत. काठाकाठानं उरलेली गावं पुढं अभयारण्यासाठी आणि व्याघ्र प्रकल्पासाठी उठली. वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली त्यांतलंच. आज आपण ज्याला निर्जन, अस्पर्श रान म्हणून दाद देतो ते निर्जन करण्यात आलेलं रान आहे, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा झगडा अर्धशतक उलटून गेलं तरी संपलेला नाही. होडी चालवणारे याच खोऱ्यातले. कुठल्या वळणाखाली कुणाचं देऊळ होतं, कुठं खळी होती, कुठून वाट गडावर चढायची, हे त्यांच्या घरांत अजून सांगितलं जातं. वनखात्यानं वाटाड्यांच्या प्रशिक्षणात झाडापक्ष्यांच्या नावांबरोबर या माहितीलाही जागा द्यावी. बुडालेल्या आणि उठवलेल्या गावांची नावं, त्यांतली घरं आणि ती माणसं कुठं गेली हे सगळं बामणोलीत परवानगीच्या खिडकीशेजारी लावावं, म्हणजे रांगेत उभा असलेला प्रत्येक जण होडीत बसण्याआधी ते वाचेल.